शेंड्याचा अंमल

घोलवड-बोर्डीच्या जुन्या चिकूवाड्यांत वैशाखातल्या भर दुपारीही उजेड मंद असतो. कधीकाळी दहा-दहा मीटरवर लावलेली झाडं आता एकमेकांच्या अंगात शिरली आहेत. खाली पाचोळ्याचा थर, मध्ये जाडजूड काळपट फांद्यांचं उघडं जंजाळ आणि हिरवं जे काही आहे ते सगळं वर. फळंही तिथंच, उन्हाच्या उंचीवर. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात पोचावा अशा उंचीवर फारसं काही लागत नाही. काठीला जाळी बांधून तोडणारा मजूर झाडावर चढतो, आणि ज्या फांदीवर पाय ठेवून तो उभा राहतो त्या फांदीवर एकही पान नसतं.

तिथून डहाणू ओलांडून दक्षिणेला वाणगावकडं आलं की शेडनेटमध्ये ढोबळी मिरचीच्या रांगा दिसतात. इथं आठवड्या-दहा दिवसांनी माणसं रांगेत शिरतात आणि प्रत्येक झाडाचे नको असलेले फुटवे काढून टाकतात. पूर्वेला तलासरीच्या भातखाचरांत, भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर हरभरा पेरला असेल तर त्याचे कोवळे शेंडे खुडून घरी भाजी होते, आणि खुडलेला हरभरा नंतर आडवा पसरतो.

चिकूच्या बाबतीत फळबागेची जुनी पुस्तकंही सांगत आली की या झाडाला नियमित छाटणी लागत नाही. मिरचीवाल्याला छाटणी चुकवून चालत नाही. हरभऱ्याला एकदा खुडलं की पुरे. एकाच पालघर जिल्ह्यात तीन पिकांना तीन नियम, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. असं का, हे समजून घ्यायचं तर झाडाच्या शेंड्यापासून सुरुवात करायला हवी.

झाडाच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. त्या डोळ्यात एक अख्खी फांदी घडी घालून ठेवलेली असते. झाडाने हे सगळे डोळे एकदम उघडले तर ते झाड राहणार नाही, झुडपाचा गुंता होईल आणि शेजाऱ्याच्या सावलीत मरून जाईल. म्हणून बहुतेक झाडं वरचा शेंडा चालू ठेवतात आणि खालचे डोळे बंद. शेंडा गेला, म्हणजे गाईने खाल्ला, वाऱ्याने मोडला किंवा माणसाने खुडला, की दोन-तीन डोळे फुटतात. ही गोष्ट शेतकऱ्याला हजारो वर्षं माहीत आहे. ती नेमकी घडते कशी याचा शोध मात्र तुलनेने अलीकडचा, आणि आपण शाळेत शिकलो त्याहून अधिक गुंतागुंतीचा आहे.

चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 साली वनस्पतींच्या हालचालींवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. गवताच्या कोंबाचं टोक झाकलं तर कोंब प्रकाशाकडं वळत नाही, असं त्यांना दिसलं होतं. वळतो खालचा भाग, पण प्रकाश कळतो टोकाला. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे. हॉलंडमधल्या उट्रेख्टला फ्रिट्स वेंट या तरुण संशोधकाने 1926 मध्ये ओटच्या कोंबांची टोकं कापून आगरच्या चकतीवर ठेवली, मग ती चकती टोक नसलेल्या कोंबावर ठेवली, आणि कोंब वाढला. टोकातून जे झिरपून चकतीत आलं होतं त्याला ऑक्झिन हे नाव मिळालं. पुढं 1933 मध्ये केनेथ थिमान आणि फोल्के स्कूग यांनी शेंडा छाटलेल्या शेंगवर्गीय रोपाच्या टोकाला शेंड्याऐवजी ऑक्झिन लावून पाहिलं. शेंडा नसूनही खालचे डोळे झोपलेलेच राहिले. त्यानंतर कितीतरी वर्षं उत्तर सोपं होतं: शेंडा ऑक्झिन बनवतो, ते खाली वाहतं, डोळे बंद राहतात, शेंडा काढा, डोळे उघडतील.

पण या उत्तरात एक मोठी फट होती. ऑक्झिन खोडातून फार हळू उतरतं, तासाला साधारण एक सेंटिमीटर. शेंडा खुडल्यावर त्याचा पुरवठा तुटल्याची खबर हातभर खालच्या डोळ्याला पोचायला दीड-दोन दिवस लागायला हवेत. प्रत्यक्षात तो डोळा काही तासांतच हलू लागतो. मग त्याला कोण सांगतं? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये वाटाण्यावर दाखवून दिलं की पहिला इशारा साखरेचा असतो. वाढता शेंडा पानांत तयार झालेली साखर स्वतःकडं ओढून घेतो. तो नाहीसा झाला की ती साखर दुसरीकडं वळते, ऑक्झिनच्या बातमीपेक्षा कितीतरी वेगाने खालच्या डोळ्यांपर्यंत पोचते आणि त्यांना जाग येते. शेंडा शाबूत ठेवून नुसती साखर पुरवली तरीही डोळे हलले. ऑक्झिनचं काम त्यानंतर: फुटलेल्या डोळ्यांपैकी कोणता पुढं जाणार आणि कोणता थांबणार, हे ठरवण्यात त्याचा हात असतो.

मला या संशोधनाचं महत्त्व फार वाटतं, कारण त्यामुळे छाटणीकडं बघायची नजरच बदलते. खुडण्याने झाडात नवी ताकद येत नाही. जी साखर पानांनी आधीच बनवली आहे तिची वाटणी बदलते, एवढंच. म्हणून पानं काढून टाकणारी छाटणी आणि वाटणी बदलणारी छाटणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोयता दोन्हींत सारखाच चालतो.

याच गोष्टीत तिसरं पात्र आहे आणि त्याची ओळख महाराष्ट्राच्या ज्वारी पिकवणाऱ्यांना वेगळ्याच कारणाने आहे. ज्वारीच्या मुळांवर वाढणारं टारफुला नावाचं परजीवी तण. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जवळ मूळ आलं की नेमकं तेव्हाच रुजतं. मुळातून झिरपणाऱ्या ज्या पदार्थामुळे ते जागं होतं तशा प्रकारचा पदार्थ 1966 मध्ये कापसाच्या मुळांतून वेगळा केला गेला. झाड स्वतःच्या शत्रूला बोलावणारा पदार्थ का बनवत असेल, हे कोडं बराच काळ राहिलं. 2008 मध्ये एक फ्रेंच आणि एक जपानी गट स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला आला: हे पदार्थ झाडाच्या आत फांद्या फुटू न देण्याचं काम करतात. आणि जमिनीत स्फुरद कमी पडलं की झाड ते जास्त बनवतं. उपाशी झाड फांद्या आवरतं. शेतकऱ्याच्या भाषेत याचा अर्थ असा की खत-पाणी नसलेल्या झाडाचा शेंडा खुडून फुटव्यांची वाट बघणं फोल आहे. झाडाला दोन डोळे उघडायचा एक निरोप वरून मिळतो, पण न उघडण्याचा निरोप मुळांकडून येत असतो.

हे हातात ठेवून आता हरभऱ्याकडं जाऊ. हरभऱ्याला फुलं येतात ती फांद्यांवरच्या पानांच्या बगलांत. जितक्या फांद्या तितक्या फुलांच्या जागा. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने, फुलं यायच्या आधी, शेंडे खुडले की बाजूच्या फांद्या वाढतात आणि घाटे धरायला जागा वाढते. खुडलेल्या शेंड्यांची आंबूस भाजी होते, हा वरचा लाभ. पण ज्या खाचरातली ओल आधीच संपत आली आहे तिथं हे करू नये. फांद्या फुटतील, पण त्या भरायला पाणी नसेल. उशिरा पेरलेल्या हरभऱ्यालाही खुडण्याने नुकसानच होतं, कारण झाडाला गमावलेले दिवस परत मिळत नाहीत.

दुधी, कारली, शिराळी यांच्या वेलांचं गणित थोडं वेगळं. पाड्यावर अंगणातल्या मांडवावर चढवलेल्या दुधीच्या मुख्य वेलावर आधी नरफुलं येतात आणि पुष्कळ येतात. फळ धरणारी मादीफुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त. म्हणून वेल मांडवाला लागला की त्याचा शेंडा खुडायचा, बगलफुटी आडव्या पसरू द्यायच्या, आणि हवं तर त्यांचेही शेंडे खुडायचे. अलीकडं हे ‘थ्री जी कटिंग’ या नावाने मोबाईलवरच्या व्हिडिओंतून गावोगाव पोचलं आहे. नाव नवं असलं तरी रीत जुनी आहे. कापसातही हाच विचार आहे. बुंध्याजवळ निघणारी, सरळ वर जाणारी गळफांदी लवकर काढायची आणि पुढं मुख्य शेंडा मारायचा, म्हणजे झाडाचा जोर बोंडं धरणाऱ्या आडव्या फळफांद्यांत जातो. मराठवाडा-विदर्भात हे तंत्र दादा लाड यांच्या नावाने ओळखलं जातं.

मिरचीला मात्र हे सगळं लावता येत नाही, आणि इथंच अनेकजण चुकतात. मिरचीचं रोप आठ-बारा पानांपर्यंत सरळ वाढतं आणि मग त्याच्या शेंड्याचंच फूल होतं. शेंडा तिथं संपतो. त्या फुलाच्या खालून दोन किंवा तीन फांद्या निघतात, प्रत्येकीच्या टोकाला पुन्हा फूल, पुन्हा फाटा. म्हणजे मिरची आपला शेंडा स्वतःच खुडत असते. उघड्या रानातल्या तिखट मिरचीचा शेंडा लवकर खुडला तर जे ती आठवड्याभरात आपणहून करणार होती ते आपण घाईने आणि जखमेसकट करतो. ढोबळीत प्रश्न उलटा आहे. तिचे फाटे दुप्पट होत जातात, पण एकेक फळ जड आणि भरलेलं हवं असतं. म्हणून शेडनेटमध्ये पहिल्या फाट्यातलं फूल काढतात, दोन किंवा चार मुख्य फांद्या ठेवून त्या सुतळीने वरच्या तारेला बांधतात, आणि त्यानंतर प्रत्येक फाट्यावर एक फुटवा पुढं जाऊ देतात व दुसरा एखादं पान राखून थांबवतात. इथं छाटणीचा हेतू फांद्या वाढवणं नाही, कमी ठेवणं हा आहे. पहिलं फूल काढायला नव्या शेतकऱ्याचा हात धजत नाही. ते फळ मात्र कोवळ्या रोपाची सगळी साखर ओढून घेतं आणि रोप तिथंच खुंटतं.

शेजारच्या विक्रमगड, जव्हार, मोखाड्यात मोगऱ्याने गेल्या काही वर्षांत बऱ्याच आदिवासी कुटुंबांचं स्थलांतर कमी केलं. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकावर येते, जुन्या लाकडावर नाही. त्यामुळे थंडीत पाणी तोडून झुडूप चांगलं खाली छाटतात, मग खत-पाणी देतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटेच्या कळ्या दादरच्या फुलबाजाराकडं निघतात. मोगऱ्यावर हात राखून छाटणी करणं हेच नुकसानीचं.

छाटणीचं शास्त्र महाराष्ट्रात सगळ्यात पुढं नेलं ते नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांनी. वर्षातून दोनदा कात्री: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोड छाटणी. एप्रिलची छाटणी काड्या तयार करण्यासाठी. त्या काडीवरच्या डोळ्यात घड धरला जाणार की नुसती बाळी, हे छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत ठरतं, आणि त्या काळात डोळ्यावर ऊन पडलं पाहिजे. ऑक्टोबरमध्ये दिसणारा घड जूनपर्यंतच ठरलेला असतो. नाशिकचा बागायतदार म्हणून छाटणीच्या आधी काडीचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतो, कितव्या डोळ्यात घड आहे ते बघतो आणि तेवढीच काडी राखतो. कोयता उचलण्याआधी फूल कुठं आहे याचा एवढा काटेकोर शोध आपल्याकडं दुसऱ्या कुठल्याच पिकात घेतला जात नाही. चिकूत तो घ्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

चिकू मूळचा दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. त्याच्या खोडातला चीक आटवून च्युइंगम बनवत. त्याचं लाकूड इतकं कणखर की ग्वाटेमालातल्या टिकाल इथल्या माया मंदिरांच्या दारांवर बसवलेल्या चिकूच्या तुळया हजाराहून अधिक वर्षांनंतरही टिकल्या. महाराष्ट्रात त्याची पहिली लागवड घोलवडला 1898 साली झाली असं मानलं जातं. समुद्राची दमट हवा, चुनखडीयुक्त माती आणि पारशी-इराणी बागायतदारांची चिकाटी यांनी तो इथं रुजला. कालीपत्ती ही जात, खिरणीच्या खुंटावर कलम. डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2021 मध्ये तो ब्रिटनला रवाना झाला, तेव्हा पालघर जिल्ह्यात चिकूखाली सुमारे 5000 हेक्टर असल्याचं सांगितलं गेलं.

या झाडाची ठेवण नीट बघितली तर छाटणीचा सगळा प्रश्न समोर उलगडतो. चिकूच्या फांद्या मजल्यामजल्याने निघतात, आपल्या अंगणातल्या देशी बदामासारख्या. फांदी आडवी वाढते, तिची वाढ ठरावीक अंतरावर थांबते, टोकाशी पानांचा झुबका होतो आणि त्या झुबक्यातल्या पानांच्या बगलांत फुलं येतात. झुबक्याच्या मागची फांदी उघडी. म्हणजे चिकूची फळं फांदीच्या टोकाशी आहेत, आणि झाडाचा घेर बाहेरून कातरला तर नेमकी तीच टोकं जातात. हरभऱ्याच्या न्यायाने चिकूचे शेंडे मारले तर त्या हंगामाचं आणि कदाचित पुढच्याही हंगामाचं पीक जमिनीवर पडतं, आणि कापलेल्या ठिकाणी दाट फुटव्यांचा गुच्छ येऊन सावली आणखी वाढते. जुन्या बागायतदारांनी चिकूला कोयता लावायचा नाही असं ठरवलं त्यामागं हा अनुभव होता. त्यांचं बरोबर होतं.

पण त्यांनी जे ठरवलं ते तरुण झाडांपुरतं बरोबर होतं. दहा बाय दहा मीटरवर हेक्टरी शंभर झाडं, म्हणजे एकरी चाळीस. पहिली वीस-पंचवीस वर्षं प्रत्येक झाडाला चारही बाजूंनी ऊन मिळतं. मग घेर एकमेकाला भिडतात, आणि तिथून वाडीचा स्वभाव बदलतो. एका पानातून त्याच्या कामाच्या प्रकाशाचा दहावा हिस्साही खाली उतरत नाही. दोन-तीन थरांखालचं पान स्वतःच्या श्वसनापुरतीही साखर बनवू शकत नाही आणि झाड त्याला पोसत नाही. ते गळतं, मागची काडी वाळते. त्याच वेळी हिरव्या पानातून गाळून आलेल्या उजेडात लाल भाग कमी आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा अतिलाल भाग जास्त असतो. झाडाला हे मोजता येतं. अशा उजेडाचा अर्थ त्याला ‘शेजारी जवळ आला आहे’ असा लागतो आणि ते बगलफुटी आवरून उंच जाऊ लागतं. वाडी दाटली की झाडं उंच होतात, उंच झाली की आणखी दाटतात. फळ देणारा थर वर सरकत जातो आणि त्याखालचं सगळं लाकूड केवळ भार म्हणून उरतं.

त्या ओलसर अंधारात बाकीची संकटं येतात. पावसाळ्यात बुरशीने होणारी फळगळ, कळ्या खाणारी अळी, आणि गेल्या दोन-अडीच दशकांत या पट्ट्याला सगळ्यात जास्त छळणारी बी पोखरणारी अळी. ती फळात लहानपणीच शिरते, बीच्या आत वाढते आणि फळ काढणीला आल्यावर बाहेर पडते. तोवर वरून काही कळत नाही. तीस-चाळीस फुटांवरच्या शेंड्यापर्यंत फवारणी नीट पोचत नाही आणि खाली पडलेली किडकी फळं पाचोळ्यात सापडत नाहीत. औषधाचा खर्च वाढवत नेण्याआधी उजेड आत आणला पाहिजे.

तो आणायचा कसा? टोकं न कापता. चिकूत शेंडा मारायचा नसतो, अख्खी फांदी तिच्या उगमापासून काढायची असते. दिसायला दोन्ही छाटणीच, पण झाडासाठी अगदी वेगळी कामं. शेंडा मारला की मागचे डोळे उघडतात आणि तिथं दाटी होते. फांदी मुळापासून काढली की तिथं फारसं फुटत नाही आणि तिच्या जागेतून ऊन खाली उतरतं. उरलेल्या फांद्यांची टोकं, म्हणजे फुलांच्या जागा, अभंग राहतात. आधी वाळलेल्या आणि रोगट फांद्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या, मग मध्यातून सरळ आभाळाकडं गेलेल्या दोन-तीन जाड फांद्या. मधलं छप्पर उघडलं की खोडाजवळच्या लाकडावरचे झोपलेले डोळे फुटू लागतात. त्यातले सरळसोट वाढणारे पानसोट काढायचे आणि आडवे, बाहेरच्या दिशेचे थोडे राखायचे. पुढच्या काही वर्षांत खालच्या उंचीवर फळ धरणारा नवा मजला त्यांतूनच तयार होतो. कलमाच्या जोडाखालून येणारी खिरणीची फूट दिसेल तेव्हा काढायचीच. ती चिकू नाही.

कापण्याची रीत महत्त्वाची आहे कारण झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड कुजका भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंत उभी करतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवून तो कोंडून टाकतं. ही भिंत सगळ्यात भक्कम असते ती फांदीच्या बुंध्याशी दिसणाऱ्या फुगीर वळ्यात. म्हणून काप त्या वळ्याच्या किंचित बाहेर हवा. वळा कापून खोडाशी सपाट केलं तर भिंतच गेली. हातभर खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. जाड फांदी एका घावात तोडली तर पडताना साल खोडापर्यंत सोलली जाते. आधी फूटभर बाहेर खालून अर्धवट करवत, मग थोडं पुढं वरून, फांदी पडली की शेवटी वळ्यापाशी स्वच्छ काप. चिकूचं लाकूड कठीण आणि चीक सतत वाहणारा; कोयत्याने ठेचण्यापेक्षा धारदार करवत बरी. कापावर बोर्डो पेस्ट लावायची: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, लोखंडाच्या नव्हे. वर्षानुवर्षं सावलीत राहिलेल्या सालीवर अचानक ऊन पडलं की ती भाजते, म्हणून उघड्या पडलेल्या जाड फांद्यांना चुना फासायचा.

वेळ कोणती? इथं चिकू खरोखर अडवणूक करतो. द्राक्ष, मोगरा, अंजीर यांना विश्रांतीचा काळ असतो. चिकूला नसतो. फूल ते काढणी यांत आठ-दहा महिने जातात आणि बहर वर्षात एकाहून अधिक वेळा येतो, त्यामुळे एकाच झाडावर कळी, वाटाण्याएवढं फळ आणि तोडणीला आलेलं फळ एकत्र असतं. रिकामं झाड कधीच भेटत नाही. फळ शिल्लक आहे म्हणून छाटणी पुढं ढकलायची ठरवलं तर ती कायमची पुढं जाते. मोठी तोडणी आटोपल्यावर, पावसाळ्याची झड लागायच्या पुरेसं आधी, काही फळांवर पाणी सोडूनच कापावं लागतं. आणि एका वर्षात झाडाच्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा, याहून जास्त नको. साखर बनवणारी पानं आपण काढत आहोत हे विसरायचं नाही.

हे काम करणारे हात बहुतेक वारली आणि इतर आदिवासी मजुरांचे आहेत, आणि फांदी साळण्याची विद्या या मुलखात चिकूच्या कितीतरी आधीपासून आहे. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजायचा तर ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत थरांनी अंथरून उन्हाळ्यात जाळायचं. तणाचं बी मरतं आणि राखेतून रोपाला खत मिळतं. इंग्रजांच्या वनखात्याला ही पालातोड झाडांची नासाडी वाटली. ठाणे-कुलाब्याच्या जंगलांबद्दल 1880च्या दशकात नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढं राबाचा प्रश्न मोठा होता. झाड न मारता वर्षाआड त्यावरून पाला कसा घ्यायचा, कोणत्या जागी तोडलं की पुन्हा फुटतं, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्यांच्याच नातवंडांना आज वाडीत केवळ ‘चढणारा मजूर’ म्हणून बोलावलं जातं. कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र याच पट्ट्यात आहे. चिकूच्या छाटणीचं शिक्षण बागायतदाराइतकंच झाडावर प्रत्यक्ष उभ्या राहणाऱ्या माणसाला दिलं पाहिजे, त्याला कमरेचा दोर आणि चांगली करवत मिळाली पाहिजे, आणि या कौशल्याची मजुरी तोडणीच्या मजुरीपेक्षा जास्त असली पाहिजे. कोणती फांदी जाणार हे खाली उभं राहून बोट दाखवून ठरत नाही. ते वरून दिसतं.

आणि पैशाचा हिशेब. मध्य उघडलेल्या झाडाचं उत्पन्न पहिल्या वर्षी घटतं, कारण शेंड्याकडची फळं गेलेली असतात आणि खालचा मजला अजून तयार व्हायचा असतो. अख्ख्या वाडीला एकदम हात घातला तर लहान बागायतदार कोलमडतो. म्हणून दर वर्षी चौथ्या हिश्शाच्या रांगा घ्याव्यात. शेवटच्या रांगेची पाळी येईपर्यंत पहिल्या रांगा नव्या फुटीवर फळ धरू लागलेल्या असतात. याहून अवघड अडथळा वेगळाच आहे. बऱ्याच वाड्या फळांच्या ठेक्याने जातात. ठेकेदाराचा हक्क या हंगामाच्या फळावर, आणि छाटणीचं फळ पुढच्या हंगामांनंतरचं. त्याने करवतीला पैसे का घालावेत? मालक मुंबईत असला तर त्याला वाडी हिरवीगार दिसते, एवढं पुरतं. ठेका किमान पाच-सहा वर्षांचा असावा, कोणत्या वर्षी कोणत्या रांगा उघडायच्या हे करारातच लिहावं, आणि पहिल्या घटीच्या वर्षात ठेक्याची रक्कम त्या रांगांपुरती कमी धरावी. घोलवड, बोर्डी, चिखले, नरपडच्या जुन्या वाड्यांत खाली ऊन पोचायचं असेल तर हा कागद करवतीच्या आधी लागेल.